वसंतरावांचं लफडं आणि गच्चीची किल्ली

देशपांडे काकू (ए-३०२): काल रात्री क्लबहाऊसमध्ये आपल्या नाटकाची तालीम बघितली. तेव्हापासून डोकं ठणकतंय. वसंतराव त्या शेजारणीच्या प्रेमात पडतात? आपले वसंतराव? निखिल, हे तूच लिहिलंयस का रे?

निखिल (सी-६०४): काकू, सरप्राइज होतं ते 😅 हो, मीच. गेल्या वर्षीचेच नवरा-बायको पुन्हा दाखवायचे तर काहीतरी ट्विस्ट नको का?

देशपांडे काकू: वसंतराव असं करणार नाहीत.

साने काका (बी-१०१): गच्चीची किल्ली कोणाकडे आहे? कालपासून विचारतोय.

परब (ए-७०१): मीच वसंतराव करतोय म्हणून सांगतो, मला काही अडचण नाही. फक्त पावसातल्या गाण्यात गुडघ्यावर बसायचं आहे, तेवढं बघा.

परब वहिनी (ए-७०१): यांना अडचण नाही हे वाचलं.

देशमुख (सी-२०३): परबसाहेब, आज जेवायला आमच्याकडे या 😂

ऋतुजा (बी-४०५): पण काकू, पंचावन्नाव्या वर्षी माणूस प्रेमात पडूच शकत नाही का? हा जरा अन्यायच आहे.

देशपांडे काकू: पडेल की. मी कुठे नाही म्हणतेय? पण त्यांच्या बायकोचं, सुमनचं काय झालं? एका वाक्यात उडवली, 'ती पुण्याला गेली'. आणि पुढच्या प्रवेशात हे छत्री घेऊन उभे!

देशमुख: पुण्याला गेलेली माणसं परत येतात हो काकू, शिवनेरी दिवसभर असते.

सावंत, सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. नाटकाची चर्चा सांस्कृतिक समितीच्या ग्रुपवर करावी 🙏

देशपांडे काकू: त्या ग्रुपमधून मला मार्चमध्ये काढलं. कोणी काढलं ते विचारत नाही.

सावंत, सेक्रेटरी: 🙏

निखिल: एक मुद्दा मांडतो, राग नको. 'मुंबई-पुणे-मुंबई' आठवतोय? २०१०. मुलगी मुंबईहून पुण्याला जाते, एका दिवसात जमतं. तेव्हा कोणी म्हणालं का, की हे पटत नाही?

पूर्वा (डी-५०३): अरे, पण त्यात दोन माणसं दिवसभर फिरतायत आणि बोलतायत, दुसरं काही नाहीच! भांडतात, टोमणे मारतात, मुंबई मोठी की पुणे यावर वाद घालतात. दिवस एकच आहे, पण आपण तो त्यांच्याबरोबर अख्खा काढलेला असतो. तुझ्याकडे एक गाणं आणि दोन कटाक्ष आहेत.

निखिल: बोला आता, मालिकावाल्या आल्या. तुम्ही लोक तर वर्षात तीन लग्नं लावता.

पूर्वा: लावतो. आणि शिव्याही आम्हीच खातो. आमच्याकडे गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात. लग्नाच्या आठवड्यात चढले की चॅनलचा फोन, 'आता पुढे काय?' सुखी संसाराचा ट्रॅक सोमवार ते शनिवार लिहून दाखव एकदा. दुसऱ्या आठवड्यात तुलाही तिसरी बाई आठवेल. पण खरं सांगू? लोक तिसरीवर चिडत नाहीत, आमच्यावर चिडतात. सहा महिने रोज जेवताना ज्यांना बघितलं, ते आम्ही एका प्रोमोत खोटं पाडलं म्हणून.

साने काका: तालीम रात्री १० ला बंद झालीच पाहिजे. आणि गच्चीची किल्ली.

गोखले आजोबा (ए-१०४): लांबलचक लिहितोय, क्षमस्व. संगीत नाटक सौभद्र १८८२ सालचं. सुभद्रा अर्जुनाचीच होणार हे थिएटरात शिरणाऱ्या प्रत्येकाला महाभारतापासून ठाऊक. किर्लोस्करांनी दोघांचं प्रेम जुळवण्यात वेळच घालवला नाही. पडदा वर जातो तेव्हा ते जुळलेलंच आहे, आणि थोरल्या भावाने तिचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय म्हणून अर्जुन हवालदिल झालाय. बलराम हट्टाला पेटलेला, कृष्ण गालातल्या गालात हसतोय. शेवट माहीत असून लोक रात्र-रात्र बसायचे. जमलेलं जोडपं म्हणजे कंटाळवाणं, हे कोणी ठरवलं? आमच्या वेळी

गोखले आजोबा: चुकून पाठवला गेला. पुढचं नंतर लिहितो.

देशमुख: आजोबा, इंटरव्हल झाला का?

देशपांडे काकू: निखिल, गेल्या वर्षी तूच लिहिलेला प्रवेश तुला आठवत नाही, मला आठवतो. सुमन भांडतेय, गावची जागा विकण्यावरून. त्यांच्याकडे पाठ आहे तिची. बोलता बोलता फ्रिजवरून गोळ्यांची पट्टी उचलते, एक गोळी काढते आणि मागे न बघता हात लांब करते. तेही न बघता तळहात पुढे करतात. मग पाणी. मग परत भांडण, तिथूनच, त्याच वाक्यापासून. मांडवात एक माणूस हलला नाही. मी तेव्हाच म्हटलं, ही खरी बायको.

देशपांडे काकू: आमच्याकडे ती पट्टी अजून फ्रिजवर आहे. जाऊ दे.

देशमुख: हा मेसेज डिलीट केला गेला

परब वहिनी: देशमुख, आम्ही वाचला.

देशमुख: सॉरी काकू. मनापासून.

परब: तो प्रवेश नंतर मलाही रस्त्यात थांबवून सांगायचे लोक. भाजीवाल्याने विचारलं होतं, 'साहेब, बीपी कसं आहे?' मला बीपी नाही.

निखिल: ठीक आहे, मी एकट्याने ठरवलेलं नाही हे. शिर्के वहिनी यंदा नाहीत असं कळलं. सुमनच नाही तर मी काय लिहू? मालिकेतही नट सोडून गेला की पात्र परगावी जातंच ना.

शिर्के वहिनी (बी-६०२): मी यंदा नाही हे कोणाकडून कळलं?

निखिल: म्हणजे, समितीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला.

शिर्के वहिनी: मला कोणी विचारलंच नाही. लेकीचं बाळंतपण आहे एवढं मी लिफ्टमध्ये म्हणाले होते. आणि वर्गणीच्या हिशोबाबद्दल दोन प्रश्न विचारले होते. दोन्हीपैकी कशामुळे पुण्याला पाठवलं तेवढं कळवा.

सावंत, सेक्रेटरी: वहिनी, गैरसमज नसावा. हिशोब नोटीस बोर्डावर लावलेला आहे.

शिर्के वहिनी: अर्धा. मागचं पान नाही.

सावंत, सेक्रेटरी: सूचना : उद्या टाकी धुणार असल्याने सकाळी ९ ते ११ पाणी बंद राहील.

ऋतुजा: वा, काय टायमिंग.

पूर्वा: निखिल, शेजारीण ठेव हवी तर. छत्रीपण ठेव. पण वसंतराव भिजत घरी येतात आणि सुमन काही न विचारता टॉवेल फेकून मारते, असं काहीतरी कर. तिला कळलंय की नाही हे लोकांना घरी गेल्यावर ठरवू दे.

निखिल: टॉवेल चांगला आहे 🤔 वहिनी, मंगळवारच्या तालमीला जमेल? फक्त १० मिनिटांचं काम ठेवतो.

शिर्के वहिनी: १० मिनिटं? शेजारणीला किती दिलीत?

निखिल: २५.

देशपांडे काकू: बघा! वसंतराव असं करणार नाहीत.

शिर्के वहिनी: संवाद पाठवा आधी. पूर्ण. मागच्या पानासकट.

साने काका: गच्चीची किल्ली?

परब: साने, कालच्या तालमीत वसंतरावांच्या कोटात होती. कोट लाँड्रीत आहे.