एन-९५ घेतला की विषय संपतो का?

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा मास्कवरून रामायण झालं. वरच्या मजल्यावर एका फ्लॅटचं काम निघालंय, जिन्यात पांढरा धुरळा. कोणी म्हणे सर्जिकल बस झाला, कोणी म्हणे ओढणी बांधा, एका काकांनी कापूर-लवंगेची पुरचुंडी नाकाशी धरायला सांगितली. माझं मत सरळ आहे : एन-९५ घ्या आणि विषय संपवा. मी कासारवडवलीहून माजिवड्याला रोज स्कूटरने जातो. संध्याकाळी मास्क आतून पांढरा, बाहेरून राखाडी. ट्रेन, दवाखाना, घरातलं रंगकाम, दिवाळीची साफसफाई, सगळीकडे तोच. माणसाला पाच प्रकार लक्षात ठेवायला सांगितले की तो एकही लावत नाही. मेणबत्तीसमोर फुंकरही मारून बघितली, विझली नाही, म्हणजे माल अस्सल. पटत नसेल त्यांनी कारण द्या. "आमच्या वेळी रुमाल पुरायचा" हे कारण नव्हे.

रबाळे_शिफ्ट
रंगकामाला एन-९५? तिथेच गाडी घसरली. एमआयडीसीत सेफ्टीचं काम करतो म्हणून लिहितो. एन-९५ कण अडवतो, वाफ नाही. ०.३ मायक्रॉनचे निदान ९५ टक्के कण तो धरतो. थिनरच्या वाफेचा रेणू त्याहून शेकडो पटींनी लहान, तो आरपार जातो. वास आला म्हणून लोक मास्कला शिव्या देतात, पण ते त्याचं कामच नाही. वाफेला कोळशाची कार्ट्रिज बसवलेला रबरी हाफ मास्क लागतो. कार्ट्रिजही एकच नसते : सॉल्व्हंटची वेगळी, अमोनियाची वेगळी, आम्लाच्या वाफेची वेगळी. ती हळूहळू भरत जाते, मग टाकून द्यायची. घरी भिंत पॉलिश पेपरने घासताना एन-९५ योग्य. ऑइलपेंट मारताना खिडक्या सताड उघडा, नाहीतर कार्ट्रिज.

आणि मेणबत्तीचं सोडा हो. जाड चादरीतूनही ती विझणार नाही. फुंकरीतून फक्त हवेचा झोत कळतो, कण अडतात का ते कळत नाही. मास्कच्या मधल्या थरातल्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो ना, तसे ते कण ओढतात. विकत घेताना छाप बघा : आयएस ९४७३ हे भारतीय मानक आणि एफएफपी-२ हा दर्जा, म्हणजे ९४ टक्के, जवळजवळ एन-९५च. अमेरिकन असेल तर टीसी-८४ए ने सुरू होणारा मंजुरी क्रमांक.

घोडबंदरकर
विद्युतभार धुतल्यावर राहतो ना? मी दर रविवारी साबणाच्या पाण्यात धुतो.

रबाळे_शिफ्ट
मग तुम्ही दर सोमवारी महागडा रुमाल बांधून फिरताय. साबण, सॅनिटायझर, दोन्हींनी भार उतरतो. दिसायला मास्क नवाकोरा राहतो, हीच गोम आहे.

मसाला_मार्केट
हे सगळं एसीत बसून लिहायला ठीक आहे. वाशीला मसाला मार्केटच्या गाळ्यात एक दिवस उभे राहा. मिरचीचं पोतं पाठीवर घेऊन माथाडी गाडीवर चढतो तेव्हा छाती भात्यासारखी चालते. त्याला एन-९५ दिला की दहा मिनिटांत तो हनुवटीवर. आमच्याकडे सगळे पंचा ओला करून नाकावर बांधतात आणि दिवस काढतात. हनुवटीवरच्या एन-९५ पेक्षा नाकावरचा पंचा बरा, हे लिहून घ्या. आम्ही मध्यंतरी पुढे झडप असलेले मास्क आणले, ते मात्र दुपारपर्यंत टिकले, कारण आत भट्टी होत नाही. इथले शहाणे लगेच म्हणतील, झडपवाला चालत नाही.

ऐरोलीची_सिस्टर
मी म्हणते, आणि नाहीही म्हणत. जुलै २०२० मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालकांनी झडपवाल्या एन-९५ विरुद्ध राज्यांना पत्र लिहिलं होतं. कारण आत येणारी हवा गाळली जाते, पण बाहेर सोडलेला श्वास झडपेतून तसाच जातो. आजार पसरवायचा नसेल तर तो बाद. मिरचीला कुठे कोणाचा संसर्ग होतो? तिथे झडप खुशाल वापरा. पंच्याचं मात्र पटलं नाही. ठसका कमी झाला म्हणजे बारीक कण अडले असं नाही.

आता माझ्या वॉर्डमधलं सांगते. टीबीच्या पेशंटला नातेवाईक प्रेमापोटी महागातला एन-९५ आणून देतात आणि स्वतः सर्जिकल लावून उशाशी बसतात. नेमकं उलटं! पेशंटच्या खोकल्यातले थेंब त्याच्याच तोंडाशी अडवायचे, त्याला सर्जिकल पुरतो. आधीच दम लागलेल्या माणसाला एन-९५ सोसतही नाही. हवेत तरंगणारे बारीक कण शेजारच्याने ओढायचे नाहीत, म्हणून एन-९५ त्याला. एका मुलाला मी हे समजावलं तर तो म्हणाला, "सिस्टर, मी चांगला मास्क घ्यायचा आणि बाबांना साधा? लोक काय म्हणतील?"

आणि घोडबंदरकर, मास्क लावल्यावर तुमच्या चष्म्यावर वाफ येते का?

घोडबंदरकर
येते. थंडीत जास्त. सगळ्यांनाच येते.

ऐरोलीची_सिस्टर
वाफ वर येते ती फटीतून, आणि त्याच फटीतून धूळ आत जाते. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, एका हाताने चिमटा काढला की मध्ये कोन राहतो. कानात अडकवायच्या दोऱ्यांपेक्षा डोक्यामागून दोन पट्ट्या असलेला घट्ट बसतो. दाढी असेल तर मात्र काहीच बसत नाही.

घोडबंदरकर
ठीक आहे. धुणं बंद, थिनर बाद, पेशंटचं ऐकलं. तरी बहुतेकांच्या बहुतेक दिवसांना एन-९५च पुरतो, यावर मी ठाम आहे. सोसायटीत दोन कार्ट्रिजवाले घेऊन ठेवू, रंगाला आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्यांना.

रबाळे_शिफ्ट
टाकीत नको! कुठलाही गाळणारा मास्क नको. कार्ट्रिज ऑक्सिजन तयार करत नाही. आत ऑक्सिजन कमी, हायड्रोजन सल्फाइड जास्त, माणूस दोन श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. तिथे बाहेरून हवा पुरवणारी यंत्रणा लागते, किंवा सरळ सक्शनची गाडी बोलवा. २०१३ च्या कायद्याने पुरेशा साधनांशिवाय माणूस आत उतरवायला बंदी आहे.

कोपरखैरणे_टाइल्स
मूळ प्रश्न जिन्यातल्या धुरळ्याचा होता ना? तो माझ्या धंद्यातला. फरशी सुकी कापली की जी पांढरी पीठी उडते तिच्यात सिलिका असते, वर्षानुवर्षं ओढली तर फुप्फुसं दगडावतात. पोरगं संध्याकाळी मास्क काढतं तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंनी गालावर दोन पांढऱ्या रेघा दिसतात. त्या रेघांवाटे किती आत गेलं ते मास्कवरच्या छापावरून कळत नाही. आधी कटरच्या पात्यावर पाणी सोडायचं, धूळ तिथेच बसते. मास्क त्याच्यानंतर, एफएफपी-२ च्या वरचा एफएफपी-३ मिळाला तर तो. पण पाणी सोडलं की खालच्या मजल्यावरून ओरड येते. अर्ध्या सोसायट्यांत गेटवरच बोर्ड आहे : "पाणी वापरून कापकाम करू नये." मग आम्ही सुकं कापतो आणि तुम्ही मास्कवर भांडता.

घोडबंदरकर
आमच्याकडेही तो बोर्ड आहे. गेल्या पावसाळ्यात गळतीच्या तक्रारीवरून कमिटीने लावला. खाली सेक्रेटरी म्हणून सही माझी.

मसाला_मार्केट
घ्या!

घोडबंदरकर
उद्या काढतो. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या देवघरात पाणी उतरलं होतं तेव्हा, त्यांना कोण समजावणार तेवढं सांगा. कापूर-लवंगवाले काका त्यांचेच मिस्टर.

कोपरखैरणे_टाइल्स
फरशा खाली मोकळ्या जागेत ओल्या कापून वर न्या की. फक्त वॉचमनला सांगून ठेवा, आम्हाला हाकलेल.