तुकडेबंदीचं विधेयक मांडलंय म्हणतात, मग तलाठी नाव का लावत नाही? मदत हवी आहे

रानवारा:
नमस्कार मंडळी, अर्जंट मदत पाहिजे. वडिलांनी पुण्याजवळ दोन गुंठे घेतलेत, घर बांधलंय, घरपट्टी आम्ही भरतो, लाईटबिल आमच्या नावावर आहे पण सातबाऱ्यावर अजून जुना मालकच. आता डिसेंबर २०२५ च्या नागपूरच्या अधिवेशनात तुकडेबंदीचं (जमिनीचे लहान तुकडे विकायला बंदी घालणाऱ्या कायद्यात बदल करणारं) विधेयक मांडलं असं बातम्यांत आलं म्हणून तलाठ्याकडे गेलो तर तो म्हणतो विधेयक पास होऊन जीआर येऊ दे मग या, आणि तिथेच बसलेला दुसरा माणूस म्हणतो पाच टक्के भरावे लागतील. नक्की काय आहे? पैसे भरायचे का थांबायचं? वडिलांचं वय झालंय, त्यांच्या डोळ्यादेखत नाव लागावं एवढीच इच्छा आहे. कृपया लवकर सांगा.

डोंगरवाट:
कधी घेतली जमीन? खरेदीखत रजिस्टर आहे का? झोन कुठला? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

रानवारा:
अहो बरीच वर्षं झाली, कागद सगळे आहेत. मला फक्त विधेयकाचं सांगा.

जुनादस्त:
आमच्या मेहुण्याचं हेच प्रकरण होतं. २०१७ च्या दुरुस्तीत रेडीरेकनरच्या (सरकारने ठरवलेल्या बाजारभावाच्या) २५ टक्के भरून नियमित करायची सोय होती, त्याने भरले आणि नाव लागलं. तुम्ही पण भरून मोकळे व्हा, सरकारी कामात वाट बघणारा मरतो.

कायदाविषयी:
जुनादस्त, चुकीचा सल्ला देऊ नका प्लीज. ते २५ टक्के २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ५ वर आणले, आणि ३ नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशात तेही काढून टाकले, आता शुल्कच नाही. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ मधले व्यवहार विनाशुल्क नियमित होतात. ते पाच टक्के सांगणारे अजून मागच्या वर्षात आहेत.
रानवारा, तुमचा मुख्य प्रश्न. अध्यादेश म्हणजे राज्यपालांनी जारी केला त्या दिवसापासून कायदाच असतो. विधेयक आत्ता मांडलं ते त्या अध्यादेशाची जागा घ्यायला, कारण अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत विधेयक पास नाही झालं तर अध्यादेश संपतो (घटनेचं कलम २१३). म्हणजे "पास होऊ दे मग या" हे तलाठ्याचं म्हणणं टिकत नाही, आज, डिसेंबर २०२५ मध्ये, अध्यादेश लागू आहे. त्याची राजपत्रातली प्रत काढा, अर्जाला जोडा आणि पोच घ्या. तोंडी बोलून काही होत नाही.

सह्याद्रीपुत्र:
विधेयक मांडलं म्हणजे झालंच की, बहुमत कोणाचं आहे बघा, उद्या पास.

कायदाविषयी:
मांडणं वेगळं, पास होणं वेगळं, लागू होणं अजून वेगळं. जनसुरक्षा विधेयक २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात मांडलं, विधानसभा विसर्जित झाली, मग त्या डिसेंबरात परत मांडून संयुक्त समितीकडे गेलं, महसूलमंत्री बावनकुळेच अध्यक्ष होते समितीचे, बारा हजारांवर सूचना आल्या आणि पास झालं जुलै २०२५ ला. महिलांवरच्या अत्याचारांविरोधातलं शक्ती विधेयक तर दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ ला पास केलं आणि राष्ट्रपतींकडे जाऊन अडकलं ते अडकलंच. म्हणून म्हणतो अध्यादेश हातात आहे तोवर अर्ज टाका.

सह्याद्रीपुत्र:
जनसुरक्षा कुठे आणि गुंठा कुठे, उगाच फाटे फोडू नका.

बांधावरून:
मला हे सगळं विधेयकच पटत नाही. १९४७ चा कायदा कशाला आणला होता, शेतीचे तुकडे होऊन कोणालाच परवडेना म्हणून. आता गुंठा गुंठा नियमित केलं की उद्या आमच्या बांधाला प्लॉटिंगवाले येऊन बसतील, पाण्याचा निचरा नाही, रस्ता नाही, आणि ओरडायचं ग्रामपंचायतीच्या नावाने.

डोंगरवाट:
शेती झोनमधल्या शेतीच्या तुकड्याला प्रमाणभूत क्षेत्र (तुकड्याची कमीत कमी मर्यादा) तसंच आहे ना, बहुतेक जिल्ह्यांत जिरायत २० गुंठे बागायत १०. हे मनपा नगरपालिका, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) सारखी प्राधिकरणं, प्रादेशिक आराखड्यातला रहिवासी झोन यांच्यासाठी आहे. जिथे घरं आधीच उभी राहिलीत तिथल्या माणसांनी काय करायचं? आयुष्यभराची कमाई घालून घेतलीय लोकांनी, लोन मिळत नाही, विकता येत नाही.

बांधावरून:
माणसांचं नाही म्हणत मी, विकणाऱ्यांचं म्हणतो. त्यांना कोण विचारणार?

पारिजात:
वडिलोपार्जित असेल तर जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटणीचा अर्ज करा, सगळ्या भावंडांची संमती असली की पटकन होतं. आमचं तसंच झालं.

डोंगरवाट:
ताई त्यांनी विकत घेतलीय, वाटणी नाहीये.
रानवारा, परत विचारतो. रजिस्टर खरेदीखत का नोटरी? इंडेक्स टू आहे का?

रानवारा:
इंडेक्स टू म्हणजे काय ते बघावं लागेल. वडिलांच्या पेटीतून आत्ता काढले कागद. शंभरच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलंय, खाली नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदार, तारीख २००९ ची. पैसे दिल्याची पावती त्याच कागदाला टाचलीय. विकणारे वारले, त्यांचा मुलगा आहे गावात.

डोंगरवाट:
हेच पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं!! मग तलाठ्याकडे जाऊन आत्ता काहीच होणार नाही, अध्यादेश दाखवा नाहीतर विधेयक. रजिस्टर दस्त असून फेरफार (सातबाऱ्यावर मालक बदलल्याची नोंद) रद्द झालेला असता तर तो पुन्हा तपासून मंजूर करता येतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कात नाव असेल तर भोगवटादार म्हणजे कब्जेदार म्हणून घेता येतं. नोटरीवर फेरफार होत नाही, आणि इंडेक्स टू म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा उतारा, तो नोटरीला नसतोच. आधी दस्त नोंदवायचा, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरून.

कायदाविषयी:
बरोबर. विनाशुल्क म्हणजे नियमित करण्याचं शुल्क नाही, स्टॅम्प ड्युटी माफ नाही, यात लोकांचा फार घोळ होतोय. क्रम असा ठेवा: विकणाऱ्याच्या सगळ्या वारसांची नावं आधी सातबाऱ्यावर लागली का बघा, नुसता मुलगा नाही, मुली आणि पत्नी पण. मग त्या सगळ्यांकडून खरेदीखत, मग फेरफार. आणि झोन दाखला काढून ठेवा.

जुनादस्त:
आमच्या मेहुण्याने २५ टक्के भरले ते परत मिळतील का मग? कोणाला माहीत आहे का?

रानवारा:
मुलाशी फोनवर बोललो. सही द्यायला तयार आहे पण म्हणतो आजच्या भावाने वर काहीतरी द्या. दोन बहिणी आहेत, एक सोलापूरला. वडिलांना अजून सांगितलं नाहीये. झोन दाखला पीएमआरडीएच्या ऑफिसातच मिळतो का?

कायदाविषयी:
तुमचं गाव त्यांच्या हद्दीत असेल तर हो, गट नंबर आणि ताजा सातबारा घेऊन जा. मुलाला रोख काही देऊ नका, जे ठरेल ते खरेदीखतात लिहून चेकने. आणि नोटरीचा मूळ कागद, पावतीसकट, कोणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्स द्या. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर तेवढाच कागद आहे तुमच्याकडे.