नऊ मीटरवरून आपटला की झालं?

मानखुर्दकर: काल सायन-पनवेल रस्त्यावर सिग्नलला शेजारी एक टेम्पो थांबला. मागच्या दारावर तीन पात्यांचं काळं चिन्ह. घरी येऊन वाचत बसलो. किरणोत्सर्गी माल नेणाऱ्या टाइप बी डब्याची परीक्षा काय, तर नऊ मीटरवरून आपटायचा. म्हणजे जेमतेम तिसरा मजला. आदळताना वेग ताशी 48 किलोमीटर. रात्री याच रस्त्यावर डंपर कसे सुटतात ते आम्ही रोज बघतो. माझ्या मते ही परीक्षा कागदावरची.

पोलादी_मामा: वेग पाहिलात, आदळतो कशावर ते नाही पाहिलंत. खाली काँक्रीटचा ठोकळा, वर जाड पोलादी प्लेट, वजन डब्याच्या निदान दहापट. ते तसूभरही दबत नाही, सगळा मार डब्यानेच खायचा. रस्त्यावर समोरची गाडी चेपते, डिव्हायडर तुटतो, माती खचते. नारळ गादीवर टाका आणि देवळाच्या पायरीवर फोडा, मग बोला. शिवाय पाडायचा तोही सगळ्यात जास्त इजा होईल अशा कोनात. पुढे तोच डबा एक मीटरवरून 15 सेंटिमीटर व्यासाच्या पोलादी खुंटावर, आणि शेवटी 800 अंशांच्या आगीत अर्धा तास. 1984 साली इंग्लंडमध्ये रुळांवर आडव्या ठेवलेल्या अशाच डब्यावर ताशी 160 किलोमीटरने रेल्वे इंजिन घातलं होतं. इंजिनाची वाट लागली, डबा शाबूत.

मानखुर्दकर: तो लोक बोलावून केलेला तमाशा होता, मामा. एक डबा, एक टक्कर. आणि आग अर्धाच तास? संध्याकाळी सातला वाशी पुलावर टँकर पेटला, तर बंब कधी पोचेल?

पोलादी_मामा: चाचणीत डबा चहूबाजूंनी ज्वाळांत असतो, रस्त्यावर असं क्वचितच होतं. पण ट्रॅफिकचं म्हणाल तर गप्प बसतो.

शिसे_आणि_चहा: दोघेही भलत्याच डब्यावर भांडताय. मी हॉस्पिटलात न्यूक्लिअर मेडिसिन विभागात, म्हणजे किरणोत्सर्गी औषधं देतात तिथे, काम करते. कोबाल्टचे मोठे स्रोत टाइप बीमध्ये जातात, पण आमच्याकडे सकाळी येतो तो बहुतेक टाइप ए: बाहेर पुठ्ठ्याचं खोकं, आत थर्माकोल, मधोमध शिशाचं जड भांडं. पाच हजार किलोच्या आतल्या अशा डब्याला पडायचं असतं फक्त 1.2 मीटरवरून. (द्रव असेल तर मात्र नऊच मीटर.) मोठ्या अपघातात हा फुटू शकतो असं धरूनच आत किती माल ठेवायचा त्याची मर्यादा घातलीय. मला धास्ती उशिराची. आयोडीन-131 हे आमचं किरणोत्सर्गी औषध आठ दिवसांत निम्मं होतं, आणि पेशंट उपाशीपोटी येऊन बसलेला असतो.

मानखुर्दकर: ताई, "फुटू शकतो असं धरूनच" हे रस्त्याकडेला राहणाऱ्यांना कोणी सांगितलं?

शिसे_आणि_चहा: ड्रायव्हरजवळ लेखी सूचना असतात. अपघात झाला तर काय करायचं, कोणाला कळवायचं.

मानखुर्दकर: तो खिडकीबाहेर हात काढून कटिंग पीत होता. त्यालाच विचारायला हवं होतं, वाचल्यात का म्हणून.