ग्राइंडिंग मशीन ओव्हरहॉलला काढावं का? मदत हवी आहे

शाफ्टवाला_शिरोली: हायड्रॉलिक सिलिंड्रिकल ग्राइंडर आहे (गोल शाफ्ट घासून मापात आणणारं मशीन), जुना. जॉबवर, म्हणजे घासायच्या शाफ्टवर, लाटांसारख्या रेघा येताहेत. घासायचं व्हील बदललं, ड्रेसिंग केलं (व्हीलचं तोंड हिऱ्याने साफ केलं), फरक शून्य. मेस्त्री म्हणतो सगळं खोला, स्लाइड (टेबल सरकतं तो पृष्ठभाग) स्क्रॅपिंगला, म्हणजे हाताने खरवडून सपाट करायला द्या. माल परत यायला लागलाय. लवकर सांगा.

भोसरीकर: स्पिंडल (व्हील फिरतं तो दांडा) गेलं. बेअरिंग बदला, वेळ घालवू नका.

टूलरूम: न बघताच? जॉबचा व्यास, जॉब आणि व्हील दोन्हींचे आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि रेघांमधलं अंतर सांगा. टेपर येतोय का, म्हणजे जॉब एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक?

शाफ्टवाला_शिरोली: टेपर नाही. व्यास ५० मिमी, जॉब १०० आरपीएम, व्हील १५५०. रेघा सारख्या, साधारण १० मिमीवर.

टूलरूम: जॉबचा घेर १५७ मिमी. म्हणजे फेऱ्याला पंधरा-सोळा रेघा, मिनिटाला १५७० च्या आसपास ठोके. हा फिरत्या भागाचा दोष आहे, स्लाइडला हात लावू नका. स्लाइड झिजली की टेबल फिरवून सेट केलं तरी टेपर जात नाही, लांब जॉब मध्येच वेगळा माप देतो. तेव्हा स्क्रॅपिंग. सुट्टीला व्हील थांबवायच्या आधी कूलंट (गार ठेवणारं पाणी) बंद करता ना? थांबलेल्या व्हीलवर पाणी पडत राहिलं तर खालच्या भागात मुरतं आणि सकाळी बॅलन्स जातो. मोटर-बेल्टला काही केलंय?

 

शाफ्टवाला_शिरोली: कूलंट आधीच बंद करतो. मोटर मागच्या महिन्यात रिवाइंड करून आणली. तिचा काय संबंध?

टूलरूम: तोच संबंध! मोटर १४४० आरपीएमची असेल. जॉबला निळा रंग लावा, कागद गुंडाळून छाप घ्या आणि एका रेघेपासून तिच्या पुढच्या दहाव्या रेघेपर्यंतचं अंतर एकदम मोजा. व्हीलच्या १५५० ने फेऱ्याला साडेपंधरा रेघा पडतात, मोटरच्या १४४० ने १४.४; म्हणून १०१ मिमी आलं तर दोष व्हीलचा, १०९ आलं तर मोटरचा.

भोसरीकर: कागदावर मशीन दुरुस्त होत नाही. सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्या, कटकट संपेल.

टूलरूम: शाफ्टच्या जॉबवर्कमधून सीएनसीचा हप्ता निघतो का, ते आधी सांगा.

शाफ्टवाला_शिरोली: छाप घेतला. १०८ येतंय.

टूलरूम: म्हणजे मोटरच. बेल्ट काढून मोटर रिकामी चालवा. थरथर राहिली तर पुली काढून पुन्हा चालवा. रिवाइंडच्या वेळी पुली काढताना ठोकाठोकी झाली असेल तर मोटरचा शाफ्ट वाकलेला असू शकतो, डायल (बारीक फरक दाखवणारं मापक) लावून बघा.

शाफ्टवाला_शिरोली: मेस्त्रीला थांबवलंय. बेल्ट काढतोय.

भोसरीकर: स्पिंडलचं डायल रीडिंग पण टाका. मी अजून म्हणतो तेच आहे.