कादंबरी आवडली, पण शेवट पटला नाही

प्रश्न (दारव्हा तालुका): नुकत्याच वाचलेल्या प्रेमकादंबरीत सीतादहीच्या (कापसाच्या पहिल्या वेचणीच्या पूजेच्या) दिवशी नायिका नायकाच्या बोटात रुतलेले वाळक्या बोंडाचे टोक अलगद काढते, तो प्रसंग मी दोनदा वाचला, मात्र त्याच्या डोक्यावरचे कर्ज शेवटच्या प्रकरणात पुण्याच्या नोकरीने एका फटक्यात फिटते, हे खटकले. आपणांस काय वाटते?

उत्तर (आर्वी): ताई, मला तर त्याआधीच शंका आली होती. पहिली वेचणी पोळ्याला दाखवली आहे. जूनमध्ये पेरलेली कोरडवाहू पऱ्हाटी (कपाशी) तेव्हा जेमतेम पाती-फुलांवर असते.

उत्तर (वणी): चूक खरी, तरीही नायिका बसस्थानकावरून एकटीच गावी परतते, ते पान माझ्या मनातून जात नाही.

प्रश्नकर्ती: ते पान मी घाईत वाचले असावे, आज पुन्हा उघडते.