विषय: मुलुंड – आईच्या डिशवॉशरचा खडखडाट

सप्रेम नमस्कार मंडळी,

दिवाळीसाठी मुंबईत आले आहे, मुलुंडला आईकडे. आल्याच्या दुसऱ्या रात्री साडेदहाला पाहते तर आई ओट्यापाशी उभी राहून कढई घासतेय. शेजारी डिशवॉशर बंद, त्यावर क्रोशाचा रुमाल आणि लोणच्याच्या बरण्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मावशी कामाला येऊ शकत नव्हत्या, तेव्हा भावाने घेऊन दिलेलं मशीन आहे हे. आईचं उजवं मनगट तेव्हापासूनच दुखतं. विचारलं तर म्हणाली, "दीड महिना झाला, फार खडखडतं गं. मोटर जळली तर तुम्हाला पुन्हा खर्च." रोज फोनवर बोलतो आम्ही, पण एका शब्दाने सांगितलं नाही तिने. मला रात्रभर झोप लागली नाही.

दुरुस्तीवाला येऊन गेला. एकदा चालवून पाहिलं, "पंप गेलाय, बदलावा लागेल" म्हणाला आणि साडेपाच हजार सांगितले. खालची जाळीसुद्धा काढून बघितली नाही, म्हणून माझं मन घेत नाहीये. भांडी स्वच्छ निघतात, पाणी कुठे गळत नाही. आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, गच्चीतल्या टाकीच्या बरोबर खाली. त्याचा काही संबंध असेल का? कोणाला यातलं कळत असेल तर कृपया लिहा.

मुलुंडहून, तुमची ताई

—————

अगं, पंप बदलायची घाई करू नकोस.

दादरला परत येऊन ६ वर्षं झाली, तरी मंडळाची ही ईमेल-यादी सोडवत नाही. नोकरीची सगळी वर्षं पंपांत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या मशीनमध्ये पंप दोन असतात. मोठा भांड्यांवर पाणी मारतो, छोटा घाण पाणी बाहेर टाकतो. दोघांच्या वेळा वेगळ्या. त्यामुळे आवाज कसला, याआधी तो केव्हा येतो ते बघ. एक पूर्ण फेरी स्टूल घेऊन शेजारी बस आणि घड्याळ पाहून लिहून ठेव.

ठराविक ठेक्यात ठक-ठक आली तर पाणी उडवणारा फिरता हात कशाला तरी अडतोय. आपल्याकडे झारे, उलथनी, रवी उभी ठेवायची सवय असते. भांडी लावून झाली की तो हात बोटाने एकदा गरकन फिरवून बघायचा, आणि मगच दार लावायचं. धुताना मध्येच फडफड होऊन पाण्याचा जोर कमी-जास्त झाला, तर पाणी कमी पडून मोठा पंप हवा ओढतोय. तुझी टाकीबद्दलची शंका इथे लागू आहे. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण १ बार असतो. टाकी ३ मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार मिळणार, आणि बरीच मशीनं निदान ०.५ मागतात. नळाकडून येणाऱ्या पाइपच्या तोंडाशी बारीक जाळी असते, टाकी धुतल्यानंतर तिच्यात गाळ बसतो. तीही बघ. सतत चढत जाणारी घरघर असेल तर बेअरिंग झिजलंय. तसं असेल तर तो माणूस बरोबर म्हणतोय, पैसे द्यावे लागतील.

पण तू लिहितेस तो 'खडखडाट' फक्त पाणी बाहेर जाताना येत असेल, तर माझा अंदाज आहे की छोट्या पंपात काहीतरी कडक अडकलंय. हे घरी काढता येतं. आधी प्लग काढ, नळ बंद कर. तळाची गोल जाळी डावीकडे फिरवून उचल. खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपून घे. बाजूला पंपावर प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, बऱ्याच मशीनांत ते चमच्याच्या दांड्याने निघतं. आत बोट घालायच्या आधी टॉर्च मार, काचेचा तुकडा असू शकतो. पंखी हलक्या हाताने फिरव. ती अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरेल. लोकांना वाटतं जाम झाली, पण आत लोहचुंबक आहे म्हणून ती तशीच फिरते.

आईला आवाज केव्हा येतो ते विचार. तिने दीड महिन्यापूर्वीच ओळखलंय, तिचा कान पक्का आहे.

— दादरचे काका

—————

ताई, काकांनी सगळं लिहिलंच आहे, एकच सांगते. जाळी परत बसवताना खटका लागेपर्यंत फिरव. आमच्याकडे पार्ल्याला ती नुसती ठेवली गेली होती, आणि तिच्या कडेने लवंगा आत गेल्या होत्या. आणि तोवर आईंना भांडी घासू देऊ नकोस गं.

— पार्ल्याची काकू

—————

काका, काकू,

आईला विचारलं. तिने क्षणभरही विचार न करता सांगितलं, "बटण दाबल्या दाबल्या, मग अर्ध्या तासाने, मग शेवटी. मधे गप्प असतं." म्हणजे पाणी बाहेर टाकतानाच!

रविवारी सकाळी उघडलं. जाळी फिरवायला गेले तर ती आधीच सैल होती. गणपतीनंतर आईने धुऊन परत ठेवली, खटका लागलाच नव्हता. खाली तळव्यात मावेल एवढं गढूळ पाणी, त्यावर तेलाचा तवंग. झाकण निघायला पाच मिनिटं लागली. टॉर्च मारला तर पंखीच्या दोन पात्यांच्या मध्ये काळं, चकचकीत काहीतरी. चिमट्याने ओढलं. सीताफळाची बी! एका बाजूने घासून घासून तिचा काळा रंग गेला होता, आतलं तपकिरी दिसत होतं. आई बराच वेळ ती बी तळहातावर घेऊन बघत राहिली. मग म्हणाली, "माझीच वाटी असणार."

सगळं बसवलं, खटका ऐकला, नळ सोडला, बटण दाबलं. पाणी गेल्याचा नुसता सूं आवाज. आईने तिथल्या तिथे बरण्या उचलून फडताळात ठेवल्या. दुरुस्तीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

शेवटच्या धुण्यात थोडी फडफड अजून आहे, पहाटे टाकी भरलेली असताना कमी होते. पाइपची जाळी साफ केली, चिमूटभर गाळ निघाला. दाबाचं आता सोसायटीच्या सेक्रेटरींशी बोलणार आहे. वरच्या मजल्यावरच्या चार घरांनी मिळून छोटा प्रेशर पंप बसवला तर? काका, केवढा घ्यावा ते सांगाल का? आणि भाऊबीजेनंतर एखाद्या संध्याकाळी फराळाला याच. आईने तुमच्या नावाचा चिवडा वेगळा काढून ठेवलाय.

— मुलुंडची ताई