मदत हवी आहे: रेसिडेंट डॉक्टरचा बर्नआउट आहे की नैराश्य? ड्युट्या कशा लावू?

रातपाळी:
वॉर्डच्या ड्युट्या लावायचं काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षाचे दोन रेसिडेंट सध्या नातेवाइकांवर खेकसतात, पेशंटला नावाऐवजी ‘बेड नंबर सात’ म्हणतात, कालचीच नोट आज उतरवतात. त्यातला एक सुट्टीतही नुसता पडून असतो. मनोबल वाढवण्यावर व्याख्यान झालं, उपयोग शून्य. माणसं वाढणार नाहीत, चोवीस तासांची ड्युटीही तुटणार नाही. हे नैराश्य तर नाही ना, हे कसं ओळखायचं? आणि आहे त्या माणसांत काय बदलता येईल?

मनमोकळा:
आयसीडी-११ (जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी) मध्ये बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून नोंदला आहे. त्याची तीन अंगं: गळून जाणं, कामाबद्दल तुसडेपणा, आणि ‘माझ्याच्याने काही होत नाही’ ही भावना. बेड नंबर हे दुसरं अंग.

सुरुवातीला बर्नआउट कामापुरता असतो. नैराश्य जेवण, मित्र, आवडीनिवडी सगळ्यांत शिरतं. ड्युटीनंतरच्या दिवशी कुणीही झोपेलच, म्हणून सुट्टीचा दुसरा दिवस पाहा. (दुसरा दिवस मिळतच नसेल तर आधी ड्युटीचंच निदान करा.)

पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या फॉर्ममध्ये मागच्या दोन आठवड्यांवर नऊ प्रश्न असतात, गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला हवं. नवव्या प्रश्नाला (मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार) शून्याखेरीज काहीही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी. पण हा फॉर्म तुम्ही भरून घेऊ नका. ज्याच्या हातात ड्युट्या आहेत त्याला कुणी खरं सांगत नाही. थकव्याचं शारीरिक कारण नाही ना हे पाहायला हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-१२ तपासायला सांगा. आणि हॉस्टेलच्या खोलीत एकमेकांना गोळ्या लिहून देणं चालू असेल तर आधी ते थांबवा.

घड्याळवाला:
ड्युट्यांचं सांगतो. सलग सतरा तास जागरणानंतर हाताची-डोक्याची चपळाई रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. तुमचा माणूस त्याच्या पुढे सात तास काम करतो. त्यामुळे रात्रीची झोप मिळालीच पाहिजे.

दोघे ड्युटीवर असतील तर १२ ते ३ एकाकडे दोघांचे फोन, ३ ते ६ दुसऱ्याकडे. हे फसतं ते एकाच कारणाने: कोण झोपलंय हे सिस्टरना माहीत नसतं. नर्सिंग स्टेशनच्या फळ्यावर नाव आणि वेळ लिहा. तातडीचं नसलेलं सगळं (सलाइनची ऑर्डर, सकाळचे नमुने) एका कागदावर, दर दोन तासांनी एकदम उरकायचं. पेशंट कोसळला तर अर्थातच दोघांनाही उठवायचं.

एकटाच असेल तर वीस मिनिटांची डुलकी. गाढ झोपेतून उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड असतं, तेवढ्यात डोस ठरवू नये. कॉफीचा निम्मा असर पाच तासांनीही उरतो, म्हणून नऊला झोपायचं असेल तर पहाटे तीननंतर कॉफी नको. घरी जाताना गाडी स्वतः चालवू नये.

हँडओव्हर (ड्युटी संपताना पेशंट पुढच्याकडे सोपवणं) आय-पासने, म्हणजे ठरलेल्या पाच पायऱ्यांनी घ्या: किती गंभीर, थोडक्यात इतिहास, करायची कामं, काय बिघडू शकतं आणि तेव्हा काय करायचं, शेवटी घेणाऱ्याने ते परत म्हणून दाखवणं. शेवटची पायरी सगळे गाळतात आणि मग ड्युटी संपलेल्याला घरी फोन जातो. सुट्टी अशीच खाल्ली जाते.

रातपाळी:
धन्यवाद. पडून असतो त्याच्याशी बोलू कसं?

मनमोकळा:
राउंडवर नको, चूक झाल्यावर तर नकोच. ‘बरा आहेस ना?’ विचारलंत तर ‘हो सर’ येईल. दिसलं तेच सांगा: ‘दोन आठवडे तू मेसला दिसत नाहीस. झोप किती होते?’ मग सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. कुणाला काय सांगावं लागू शकतं हे आधीच स्पष्ट करा, कारण उत्तर ‘हो’ आलं तर गुप्तता पाळता येणार नाही. त्याला एकटं सोडायचं नाही, औषधांच्या कपाटाची किल्ली काढून घ्यायची, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे. शक्यतो आपल्या संस्थेबाहेरच्या. स्वतःच्याच ओपीडीत केसपेपर काढायला कुणी रेसिडेंट जात नाही.